एका अ‍ॅक्सलसाठी सेलू आणि चारठाणा

पिकअप विटांच्या थप्पीवर टेकवून मी गाव सोडले. मागची चाके काढलेली, मागचा भाग उचललेला. दुरून पाहिले तर म्हैस उठता उठता मध्येच थांबली आहे असे वाटत होते.

जीपच्या सांगाड्यावर बांधलेली ही लहान पिकअप मी लिलावात घेतली होती. बाजारात पाठीवर पोती वाहून जे साठले ते सारे तिच्यात घातले. मग पेट्रोल महागले, म्हणून तिचे इंजिन काढून एका जुन्या टेम्पोचे डिझेल इंजिन बसवले. डिझेल इंजिन बैलासारखे असते. ओढते खूप, पण पळत नाही. मागचा अ‍ॅक्सल मात्र पळणाऱ्या इंजिनासाठी केलेला. इंजिन पाचाहून जास्त वेळा फिरावे तेव्हा चाक एकदा फिरायचे. इंजिन किंचाळायचे आणि शेजारून सायकलवाला पुढे जायचा. त्यात नव्या ओढीने अ‍ॅक्सलमधला चाक फिरवणारा शाफ्ट (दांडा) दोनदा तुटला.

ज्या गॅरेजवाल्याने इंजिन बसवले त्याने आधी छाती ठोकून सांगितले होते, "मागचं काही बदलायला नको." तुटल्यावर म्हणाला, "तुझा पाय जड आहे." त्याच्या मेव्हण्याचा ट्रक आहे आणि कांदा वाहण्याचे माझे काम त्या मेव्हण्याला हवे होते. ज्याचा कांदा मी वाहतो त्या आडत्याने मला बजावले होते, "कांदा खळ्यावर यायच्या आत गाडी उभी कर, नाहीतर मी दुसरी बघतो." हे सगळे मनात घोळवत मी जुन्नरहून नगर, नगरहून औरंगाबाद असा एस.टी.ने आलो आणि तिथून छोट्या रुळांची गाडी धरली. सेलूला जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात, असे एका ट्रक ड्रायव्हरने सांगितले होते.

सेलू स्टेशनाबाहेर पडलो आणि नाकात सरकीचा वास भरला. कापसाचे दिवस. जिनिंगच्या दारापुढे बैलगाड्यांची रांग, उडालेला कापूस बाभळींच्या काट्यांना चिकटलेला. एका खोपटात धपाटे (ज्वारीच्या पिठाचे तिखट थालीपीठ) आणि घट्ट दही खाल्ले. दह्याचे वाडगे रिकामे होताच बाईने न विचारता पुन्हा भरले. मी म्हणालो, "मी मागितलं नव्हतं." ती म्हणाली, "दह्याचं पैसं कोन मागायलंय तुमाला? खावा गुमान."

अब्बासचाचांचे भंगाराचे आवार गावाबाहेर, जिंतूरच्या वाटेला होते. चाचा म्हणजे पांढरी दाढी, खांद्यावर रुमाल आणि डोळे माझ्याइतकेच चलाख. त्यांच्याकडे एका लहान ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल होता, चाकांसकट. मी खडूने चाकावर खूण केली, मधली दांडी हाताने फिरवली आणि फेरे मोजले. पाचाच्या बरेच आत, म्हणजे इंजिन कमी फिरून चाक जास्त पळणार. झाकण उघडून दातेही पाहिले, एकही झिजलेला नव्हता. मला हवा तसा माल, आणि इतका दणकट की दहा इंजिने तोडू शकणार नाहीत.

"भाव?" मी विचारले.

चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढला. "हम पहले जनावर के बाजार में दलाल थे, सेठ. इधर ऐसाच होता."

रुमालाखाली हात घालून बोटे दाबायची, तोंडाने आकडा बोलायचा नाही, ही रीत मला ठाऊक होती. आमची बोटे बराच वेळ भांडली. दोनदा मी हात झटकून उठलो, दोनदा त्यांनी बसवले. शेवटी मी माझ्या आकड्यावर त्यांना आणले आणि वर चाकांवरचे टायरही फुकट घेतले. हात मिळाले. गॅरेजवाला इथे असता तर त्याला दाखवले असते, असे मला फार वाटले.

अ‍ॅक्सल स्टेशनाच्या मालधक्क्यापर्यंत नेण्यासाठी मारोती नावाचा गाडीवान मिळाला. चारठाण्याचा, पस्तिशीतला, जिनिंगला कापूस टाकून रिकामा निघालेला. अ‍ॅक्सल उचलण्यापेक्षा त्याने तो गाडीमागे दोराने बांधला आणि तो आपल्याच चाकांवर डुलत निघाला. परतीच्या पावसाने वाटेच्या काळ्या मातीत चाकोऱ्या खोल पडल्या होत्या आणि आता वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. मी बैलगाडीत उलटा बसून माझी खरेदी पाहत होतो.

मारोतीनेही मागे वळून पाहिले. "लय झ्याक चाललाय की ओ. माझ्या गाडीच्या चाकोरीत बरूबर बसलाय."

"माल तसाच आहे," मी म्हणालो.

थोडे पुढे गेल्यावर त्याने विचारले, "मालक, तुमच्या गाडीची म्होरची चाकं बी एवढीच लांब लांब हायत का?"

मी मागच्या अ‍ॅक्सलकडे पुन्हा पाहिले. जीपची पुढची चाके एकमेकांपासून किती लांब असतात ते मला झोपेतही सांगता आले असते. हा अ‍ॅक्सल त्याहून चांगला हातभर रुंद होता. चिखलाच्या वाटेवर पुढच्या चाकांनी चाकोरी पाडायची आणि मागच्यांनी तिच्यातूनच जायचे, तरच गाडी निघते. माझी मागची चाके दोन्ही बाजूंनी नवा चिखल कापत गेली असती. आमची कांद्याची खळी सगळी अशाच वाटांवर आहेत.

"कोंबडीमागं हत्ती चालल्यावानी दिसंल," मारोती म्हणाला.

मी त्याच्यावर ओरडलो. गाडीवानाने गाडी हाकावी, नको तिथे अक्कल चालवू नये, असे काहीबाही. तो बैलांकडे तोंड करून गाडी हाकत राहिला. माझे संपल्यावर म्हणाला, "झालं का? मग माघारी फिरवू?"

चाचांनी मला येताना पाहिले आणि आधी चहा सांगितला. मी चहा घेणार नाही म्हणालो, माल परत घ्या म्हणालो, आवाज चढवला. चार माणसे जमली. चाचा शांत. "हाथ मिला, सौदा खतम. बैल घ्यायचा तर आधी जुंपून बघतात, सेठ. तुमी दात बघितले, चाल न्हाई बघितली."

जमलेले हसले. चहाही आला. तेवढ्यात दाराशी उभा असलेला मारोती म्हणाला, "चाचा, आमच्या वस्तीतल्या पान्याच्या गाड्याला जीपचाच अ‍ॅक्सल हाय न्हवं?"

चाचांनी कपाळावर हात मारला. "अरे हां. गुरुजी का. मैंनेच दिया था."

चारठाण्यातल्या बौद्ध वस्तीची विहीर दुष्काळात आटली, ती पुन्हा भरली नव्हती. वस्तीतल्या गुरुजींनी पैसे जमवून लोखंडी टाकी आणि जीपचा अ‍ॅक्सल घेतला आणि बैलांनी ओढायचा गाडा केला. लांबच्या मळ्यातून त्याच गाड्याने पाणी येत होते. मारोती त्याच वस्तीतला. "त्यो अरुंद हाय, म्हणून एक चाक चाकोरीत अन् एक वर चालतंय," तो म्हणाला. "घरला येस्तोवर निम्मं पानी वाटंला जातंय. तुमचा ह्यो रुंद आमाला चालंल, आमचा तुमाला चालंल. बगा, येता का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे अ‍ॅक्सल मागे बांधून चारठाण्याला निघालो. दोन्ही अंगांना फुटलेला कापूस, मध्ये हुरड्याला न आलेली ज्वारी. दुपारी एका ओढ्यावर मारोतीने आपली भाकरी आणि ठेचा मला अर्धा दिला. आदल्या दिवशी मी त्याच्यावर ओरडलो होतो. ते मनात होते, म्हणून चढावर त्याच्या बैलांसाठी खाली उतरून चाललो. दिवस कलला तेव्हा चारठाण्याची जुनी दगडी देवळे आणि उंच कोरीव खांब दिसू लागला. वस्तीची घरे माळवदाची (मातीच्या सपाट छपराची) होती.

गुरुजींनी "जय भीम" म्हणून बाज टाकली. धोतर, सदरा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मी मनात डाव मांडून आलो होतो. मला त्यांचा अ‍ॅक्सल किती हवा आहे हे कळू द्यायचे नाही. मी म्हणालो, "तुमचा आहे जुना. माझा ट्रकचा, भारी. वर काय देता?"

गुरुजींच्या आई उंबऱ्यातून तांब्या घेऊन आल्या. "भाऊ, आधी पानी पी. मंग घासाघीस कर. हे पानी दोन कोसांवरनं आलंय."

मी प्यालो. तांब्या रिकामा केल्यावर वर काही मागणे मला जमेना. जे होते ते गुरुजींना सांगितले: इंजिन, तुटलेले शाफ्ट, आडत्याचा निरोप. गुरुजींनी ऐकून घेतले. "तुमची अडचण कळली. आता आमची ऐका. गाडा एक दिवस उभा राहिला तर वस्ती तहानलेली राहते. आधी तुमचा बसवायचा, टाकी भरून मळ्यातून वस्तीवर आणायची. पाणी नीट आलं तर आमचा न्या. न्हाई आलं तर जसंच्या तसं."

सकाळी टाकी रिकामी करून गाडा दगडांवर घेतला. त्यांचा अ‍ॅक्सल खाली येताच मी खडू काढला. फेरे मोजले, तेही पाचाच्या आत. माझ्या जुन्या अ‍ॅक्सलच्याच घरातला, पण थोरला भाऊ. शाफ्ट जाड. रुंदी माझ्या पुढच्या चाकांइतकी. आता तो मला द्यायचा की नाही हे वस्तीच्या हाती होते.

ट्रकचा अ‍ॅक्सल बसवताना मला एक गोष्ट सुचली. जीपच्या अ‍ॅक्सलमधला शाफ्ट काढला तर चाकच निसटते, पण ट्रकचे चाक बाहेरच्या नळीवर फिरते. मी दोन्ही शाफ्ट ओढून काढले आणि भोकांवर पत्रे ठोकले. आता चाकांना आतली दातेरी चक्रे ओढावी लागणार नव्हती.

मारोतीने बैल जुंपले आणि रिकामा गाडा मळ्याकडे गेला. मी बाजेवर बसलो, उठलो, पुन्हा बसलो. गुरुजींच्या आई म्हणाल्या, "लेकीला बघाया पाव्हणे आल्यावानी करायलाय ह्यो."

गाडा परत येताना आधी बैलांच्या घंटा ऐकू आल्या, मग बायका घागरी घेऊन बाहेर पडल्या. दोन्ही चाके चाकोरीत होती. मागच्या वाटेवर पाण्याची ओली रेघ नव्हती. मारोती टाकीवर थाप मारून म्हणाला, "काठोकाठ हाय. अन् बैलं बी हलकी चालली." एका म्हाताऱ्या बाईने घागर लावली आणि तोटी सोडली. गुरुजींनी चष्मा पुसला. "न्या," एवढेच म्हणाले.

मी खिशात हात घातला. त्यांनी मान हलवली. मग मी ते दोन शाफ्ट, चांगल्या पोलादाचे, वस्तीच्या कामाला राहू देत म्हणालो. ते त्यांनी घेतले, विहीर खणायला पहारी होतील म्हणून. मारोतीने अ‍ॅक्सल सेलूपर्यंत पोचवला आणि भाडे मी सांगितले तेवढेच घेतले. वाटेत चाचांकडे थांबलो. चहा प्यालो, या वेळी स्वतःहून.

घरी अ‍ॅक्सल मी स्वतः बसवला. कांदा खळ्यावर येण्याआधी गाडी आडत्याच्या दारात उभी केली. त्याने भरलेल्या गोण्यांसकट घाट चढून दाखवायला सांगितले आणि स्वतः शेजारी बसला. मी खिडकी उघडी ठेवून कान मागे लावला होता. पहिले वळण गेले, दुसरेही गेले. माथ्यावर म्हणाला, "उद्यापासून ये."

गॅरेजवाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही आणि जाईल असे वाटतही नाही. पण घाट चढताना मागून काहीच आवाज येत नाही, तेव्हा मला तो आठवत नाही. तेव्हा मला वाटते, आत्ता चारठाण्यात गाडा मळ्यातून निघाला असेल.