चिमट्याचा सांधा

माझ्या घरात हे कुणालाच ठाऊक नाही. बायकोला नाही, शाळेतल्या माणसांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — आणि सांगताना माझी मलाच चीड येतेय. शब्द कडू लागले तर लागू द्या.

पाटोदा तालुक्यातल्या एका शाळेत मी शिकवतो. शाळा सुटली की मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाडी बनवण्याचा वर्ग घेतो. भंगारातली स्कूटरची चाकं, अँगल, पाइप — मुलांनी स्वतः कापायचं, घासायचं, वेल्डिंग करायचं आणि चालती गाडी उभी करायची. लोक बघायला येतात. मला 'गाडीवाले सर' म्हणतात. ऐकताना छाती फुगते माझी. अजूनही फुगते!

काही वर्षांपूर्वी या वर्गात सुनंदा आली. नववीतली, धनगराची पोर. आईवडील मेंढरांमागं रानोमाळ, ही शाळेसाठी चुलत्याकडे. पहिल्या दिवशी ठिणग्या उडाल्या तेव्हा बाकीची पोरं मागं सरली, ही पुढं सरकली. त्या वर्षीची गाडी तिच्याच डोक्यातून निघाली — बॅटरीवर चालणारी तीनचाकी, मागं जमिनीलगत हौदा.

"लंगडं मेंढरू आपल्या पायानं चढाया पायजे, सर," ती म्हणायची. "दादा खांद्यावर घेऊन चालतेत. पाठ गेली त्यांची." वडलांना ती दादा म्हणायची.

गाडी दाखवायचा दिवस ठरला. संस्थेचे अध्यक्ष येणार होते. आदल्या दुपारी पुढचं चाक धरून ठेवणारा चिमटा गाडीला जोडायचं काम मी स्वतःकडे घेतलं आणि पोरांना हौदा रंगवायला बसवलं. का घेतलं? घाई होती म्हणून? की अवघड काम सरांनीच केलं, असं अध्यक्षांना सांगता यावं म्हणून? लाइट कमी दाबानं येत होती, वेल्डिंगचा रॉड धड जळत नव्हता. सांधा वरवर चिकटला, आत उतरलाच नाही. हे मला कळलं होतं — नीट कळलं होतं. तोडून पुन्हा करायला हवा होता. मी त्यावर ग्राइंडर फिरवला, पुट्टी भरली आणि लाल रंग मारला. सुनंदा ब्रश घ्यायला आली होती. तिनं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शुभम नावाच्या दहावीतल्या मुलानं मैदानात गाडी फिरवली. टाळ्या पडल्या. आणि वळताना चिमटा सुटला. पोरगं तोंडावर आपटलं — दात पडला, मनगट मोडलं.

"कुणी जोडलं हे?" अध्यक्ष ओरडले.

आणि मी — चाळिशी ओलांडलेला माणूस, मास्तर — मी म्हणालो, "सुनंदानं."

किती पटकन म्हणालो! बाजूला एवढी पोरं उभी होती, तिचंच नाव का आलं तोंडात? सांगतो का ते. पोरीचं नाव घेतलं की पुढं कुणी काही विचारत नाही, हे मला ठाऊक होतं.

"म्या न्हाई, सर," ती म्हणाली. सगळ्यांदेखत. "तुमीच जोडलता. म्या बघितलंय."

अध्यक्ष तिच्यावरच उखडले. "मास्तरवर आळ घेतीस? लई शानी झालीस का?" माझ्याकडे त्यांनी वळूनसुद्धा पाहिलं नाही. अख्खं मैदान माणसांनी भरलेलं, आणि एकालाही वाटू नये की पोर खरं बोलत असेल? संताप होतो आठवून. पण त्यांच्यावर कसला संतापू? त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं! मी शुभमला रिक्षात बसवायच्या गडबडीत असल्यासारखं केलं आणि तिथून निघालो.

पुढच्या आठवड्यात तिचे वडील आले. कुठल्या रानातून चालत आले होते कोण जाणे — धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेलं. माझ्यापुढं हात जोडले.

"सर, पोर हाय. चुकली. पदरात घ्या."

"जाऊ द्या," मी म्हणालो. "होतं असं."

कळलं तुम्हाला? मी तिला माफ केलं! वर चहा मागवला. सुनंदा बापामागं उभी होती. रडत नव्हती. सरळ माझ्याकडे बघत होती, आणि मी कपबश्यांकडे.

मग शाळेनं ठरवलं — मुलींना शेडमध्ये घ्यायचं नाही. आगीशी काम, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार? बैठकीत मला विचारलं गेलं. तोंड उघडायची ती आणखी एक संधी होती. मी मान डोलावली. दहावी होईपर्यंत सुनंदा शाळेत येत राहिली, पण शेडकडे फिरकली नाही. नंतर मेंढरांबरोबर गेली. तिकडंच कुठं लग्न झालं म्हणतात. मी कधी चौकशी केली नाही. शुभमचं मनगट जुळून आलं. माझा वर्ग चालू राहिला.

मागच्या पंधरवड्यात सातवीतली एक मुलगी शेडच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, आमाला कावून घेत न्हाईत?"

"नियम हाय, बाळा."

"पर कुणामुळं केला?"

आत पोरं ताटकळली होती. मी दार ओढून घेतलं. ती बाहेरच होती.