शेळीच्या पायाला बांधलेली दोरी

पणतीच्या बारशाला पाळण्याची दोरी हातात आली आणि माहेरची, पिशोर गावची एक दुपार आठवली. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी नऊ वर्षांची. आई शेतात गेलेली, आणि मी ओसरीवर बसून तान्ह्या भावाला झोके देत होते. बाहेर पोरी गजगे खेळत होत्या. दोरी ओढायला जोर लागत नव्हता. हात गुंतलेला आणि डोकं रिकामं, त्यानंच जीव विटला. खुंट्याला बांधलेली शेळी सारखी मागं-पुढं करत होती. मी दोरी तिच्या पायाला बांधली आणि खेळायला पळाले.

कुत्रं भुंकलं, शेळी खुंट्यासकट उधळली आणि पाळणा उलटला. मी धावत येऊन भावाला उचललं. आई आल्यावर म्हणाले, "शेळीचाच पाय दोरीत अडकला." बापानं शेळीला बडवलं. भावाचा मोडलेला हात काही नीट बसला नाही.

बारशाला तोही आला होता. आता सत्तरी ओलांडलीय त्यानं. सुनांना सांगत होता, "आक्कानं उचललं म्हून जगलो, नायतर तवाच गेलो असतो."

मग तो वाकडा हात टेकून माझ्या पाया पडला. मी खरं सांगितलं नाही. तेव्हा आईला भ्याले होते, आता त्याला भिते.