कवळीचा ठेका

माझी मावशी दातांच्या कवळ्या बनवते. दवाखान्यांतून लोकांच्या जबड्यांच्या मापाचे ठसे येतात, त्यांत ती प्लास्टर ओतते, साचा काढते आणि मेणात एकेक दात बसवत जाते. तिची खोली इमारतीच्या तळघरात आहे. खिडकीतून फक्त जाणाऱ्या-येणाऱ्यांचे पाय दिसतात. तिन्ही भिंतींना फळ्या आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, काही मिटलेले, काही आ वासलेले. नवखा माणूस दारातच अडखळतो. मग मावशी म्हणते, "या हो आत, ही मंडळी चावत नाहीत."

लग्न तिने केलं नाही. "दिवसभर लोकांची तोंडं बघते, घरी आणखी एक कशाला?" एवढंच कारण ती देते.

मी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर तिकिटांच्या ऑफिसात काम करते. दुपारचा चहा घेऊन खाली मावशीकडे जायचं, हा रिवाज. एकदा माझ्या फोनवर गाणं चालू राहिलं होतं. मावशीने मान वर केली.

"हे काय वाजतंय? डब्यात खडे घातलेत का?"

"बॅन्जो आहे तो. अमेरिकेतली गाणी. कोणी फोक म्हणतं, कोणी कंट्री. सगळ्याला मिळून अमेरिकाना म्हणतात."

"काना आहे, मग मात्रा कुठाय?" मावशी म्हणाली. पण गाणं संपल्यावर हळूच म्हणाली, "पुन्हा लाव बघू."

तिथून तिला नाद लागला. मी तिच्या फोनवर ॲप टाकून दिलं. त्यात कुठल्या कुठल्या खेड्यांतले, डोंगरातले नवे गायक सापडायचे. कोणी गॅरेजात गायलेलं, कोणी गोठ्यात. तिला इंग्रजी बेताचंच. मी अर्थ सांगायची: रस्ता, ट्रक, आईचं स्वयंपाकघर, निघून गेलेलं कोणीतरी. "म्हणजे आपलंच की," ती म्हणायची. मात्र एक होतं. तिला रोज नवंच गाणं हवं असायचं. एखादं ओळखीचं झालं की ती ते सोडून द्यायची.

"असं का गं?" मी एकदा विचारलं.

"ओळखीच्या गाण्यांत माणसं बसलेली असतात. लावलं की उठून येतात. ह्या पोरापोरींना मी ओळखत नाही, ती मला ओळखत नाहीत. निवांत वाटतं."

माणसं म्हणजे कोण, ते मला ठाऊक होतं. आजोबा, म्हणजे तिचे वडील, ट्रक चालवायचे आणि गाडी सुरू झाली की गायला लागायचे. म्हातारपणी दात गेले, तेव्हा मावशी हे काम नुकतीच शिकत होती. तिने हौसेने त्यांची कवळी केली. तिची ती पहिली कवळी. चावा किंचित उंच राहिला. बोलताना वरचे दात खालच्यांवर आपटायचे: टक्. आजोबा कधी तक्रार करायचे नाहीत. "झकास बसलीय," म्हणायचे. दुरुस्त करू म्हटलं की, "राहू दे गं, सवय झाली." फक्त गाणं थांबलं. गाण्याऐवजी बसल्या बसल्या जिभेने कवळी सैल करून ते ठेका धरायचे. टक्, थोडं थांबून टक्-टक्. ते दवाखान्यात गेले आणि परत आलेच नाहीत. कवळी कुठे गेली, कोणालाच कळलं नाही.

ह्या सगळ्याला बरीच वर्षं झाली होती. त्या दुपारी मी चहा घेऊन गेले, तर मावशी फळीवरचे जबडे एकेक करून हाताने दाबून बघत होती.

"काय झालं?"

"काहीतरी वाजतंय. गाणं लावलं की फळी थरथरते वाटतं, जबडे आपटताहेत."

फोनवर एका नव्या मुलीचं गाणं चालू होतं. संथ गिटार, कोवळा आवाज. आणि मागे, अगदी हलकं: टक्. थोडं थांबून टक्-टक्. जबडे तर सगळे गप्प होते. मावशीने कानात इयरफोन घातले आणि पुन्हा ऐकलं. ऐकता ऐकता ती स्टुलावर बसली. इयरफोन काढून तिने माझ्या हातात दिले.

"गाण्यातच आहे," ती म्हणाली.

"वाद्य असेल एखादं. चमचे वाजवतात ते लोक."

"चमचा वेगळा वाजतो, कवळी वेगळी." ती एवढंच बोलली. चहा तसाच गार झाला.

घरी गेल्यावर मी ते गाणं लावलं. मुद्दाम कोणाला काही सांगितलं नाही. आई ओट्याशी भाजी चिरत होती. पहिलं कडवं झालं आणि सुरी थांबली.

"बाबांचं हे कधी रेकॉर्ड केलं होतं?" आईने विचारलं. "आणि ही बाई कोण मध्येच गातेय?"

मी फोन तिच्यासमोर धरला. खरं काय ते सांगितल्यावर आईने सुरी खाली ठेवली. म्हणाली, "बंद कर. माझ्या घरात हे पुन्हा लावायचं नाही."

मावशीच्या सांगण्यावरून मी त्या गायिकेला विचारलं. गाण्याखाली लिहिण्याची सोय होती. मागे कोण वाजवतंय, एवढाच प्रश्न. तिला ऐकणारी माणसं मोजकीच असावीत, कारण उत्तर लगेच आलं. मी ते मावशीला मराठीत सांगितलं.

"ती म्हणते, कोणी वाजवत नाहीये. स्वयंपाकघरात एकटी बसून गायली. आधी वाटलं खुर्ची वाजतेय. खुर्ची बदलली, तरी तेच. दुसऱ्या खोलीत गेली, तर तिथेही. शेवटी कंटाळून त्याच ठेक्यावर गायली, आणि गाणं आधीपेक्षा चांगलं झालं."

मावशी खिडकीबाहेरच्या पायांकडे बघत राहिली. "ठेक्याला पक्के होते ते," ती पुटपुटली.

मग तिने माळ्यावरून एक खोकं काढलं. त्यात जुन्या कापडात गुंडाळलेले दोन साचे होते. पिवळट, एका कोपऱ्यात टवका उडालेला. आजोबांचे. इतकी वर्षं तिने ते टाकले नव्हते, हे मलाही माहीत नव्हतं. तिने ते जबड्यासारख्या उघडणाऱ्या-मिटणाऱ्या बिजागरीच्या यंत्रात बसवले आणि मेण तापवायला घेतलं.

"मावशी, कोणासाठी करतेस?"

"चावा उतरवतेय," ती म्हणाली. जणू मी दुसरंच काही विचारलं होतं.

इतक्या निगुतीने काम करताना मी तिला पाहिलं नव्हतं. दात बसवायची, यंत्र मिटवायची, कान लावून ऐकायची, पुन्हा घासायची. शेवटी ते दात मिटताना जरासुद्धा आवाज येईना. तयार कवळी तिने वाटीभर पाण्यात घालून खिडकीत ठेवली, कुलूप लावलं आणि आम्ही दोघी आपापल्या घरी गेलो.

सकाळी मी ऑफिसात जाण्याआधी तिच्याबरोबर खाली उतरले. खोली होती तशीच होती. कवळी वाटीतच होती. मावशीने ती उचलून अंगठा फिरवला, उजेडात धरली, पुन्हा फिरवला.

"झिजलीय," ती म्हणाली.

"काल तूच घासलीस ना?"

"कानशीने घासणं वेगळं आणि चावून झिजणं वेगळं. ही पाच-सहा वर्षं वापरल्यासारखी आहे."

मला काही फरक दिसला नाही. खरं सांगायचं तर मी नीट बघितलंही नाही. तशीच वर जाऊन कामाला लागले. त्या दिवसापासून मी चहा दारातूनच देऊ लागले.

काही आठवड्यांनी त्या मुलीचं नवं गाणं आलं. मावशीने वर निरोप पाठवला म्हणून मी गेले. गिटार, तोच कोवळा आवाज. कान टवकारून वाट बघितली. टक् कुठेच नव्हतं. मी सुस्कारा सोडणार, तेवढ्यात दुसऱ्या कडव्याला तिच्या आवाजाखाली दुसरा आवाज उठला. पुरुषाचा, जाड, थोडा खरखरीत. शब्द नव्हते, गाणं संपेपर्यंत नुसतं गुणगुणणं. घाटात इंजिन गुरगुरतं ना, तसा. खाली लोकांनी लिहिलं होतं, 'मागचे काका छान गातात.' मुलीने त्यावर काहीच उत्तर दिलं नव्हतं.

मावशीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. मला मात्र तिथे उभं राहवेना.

आईला सांगावं की नाही, ह्यात माझे बरेच दिवस गेले. शेवटी सांगितलं. ती चिडली, मावशीला वेडी म्हणाली, मला वेडीची भाची म्हणाली. पण एका दुपारी मी जिना उतरले, तर आई आधीच तळघराच्या दारात उभी होती. ऑफिसला जाणाऱ्या बाईसारखी नीटनेटकी साडी नेसून, हातात पर्स घेऊन. ती आत गेली, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली आणि धाकट्या बहिणीला म्हणाली, "लाव."

मावशीने लावलं. आई डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्या कडव्याला तो आवाज आला, तेव्हा तिने पर्स घट्ट धरली. गुणगुणणं जरा थांबलं. गवई दम घ्यायला थांबतो, तेवढंच. त्या फटीत आई, शेजारच्या खोलीतल्या माणसाला विचारावं तशी, मोठ्याने म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

मावशीने आवाज वाढवला. आम्ही तिघी कानांत प्राण आणून बसलो. भिंतीवरचे जबडेही तसेच, आ वासून. गिटार वाजत राहिली, मुलगी गात राहिली आणि गाणं संपेपर्यंत तो आवाज पुन्हा आला नाही.

"त्यांनी ऐकलं असेल," मावशी म्हणाली आणि तिने गाणं पहिल्यापासून लावलं.