रणोजीरावांची डावी बाजू

म्हैसूरच्या अग्रहार भागातल्या आमच्या छोट्या रुग्णालयात एक्स-रे रणोजीराव काढत. घराणं संस्थानच्या जुन्या सैन्यातलं, त्यामुळे मराठीत निम्मी कन्नड. पेशंटला श्वास धरायला सांगितला की तेही स्वतःचा श्वास धरत. फोटोत डावी बाजू कळावी म्हणून पेशंटच्या डाव्या अंगाला शिशाचं 'एल' अक्षर लावल्याशिवाय त्यांनी कधी बटण दाबलं नाही. तीस वर्षांत ते अक्षर एकदाच चुकलं, बायको गेली त्या आठवड्यात.

मी डॉक्टर चैत्राली, पुण्याची. राग नाकावरच असतो, तो लपवत नाही.

एका सोमवारी भीमसेनचा फोटो आला. बेळगोळच्या कारखान्यातला हा माणूस, तीन आठवडे धापा टाकत होता. छातीत पाणी झालेलं दिसत होतं, पण बाकी सगळं उलटं. हृदयाला जागा हवी म्हणून डाव्या फुप्फुसाला दोनच कप्पे असतात, उजव्याला तीन. इथे तिसऱ्या कप्प्याची रेघ डावीकडे आणि हृदय उजवीकडे. उजवीकडच्या पाण्याने श्वासपटलाची कमान बुडवलेली, आणि डाव्या कमानीखाली असायची ती जठरातली हवाही उजवीकडेच.

"परत अक्षर चुकीच्या बाजूला?" मी सगळ्यांदेखत कडाडले. "बायको जाऊन दोन वर्षं झाली. आता कोण गेलं?"

"मी बरोब्बर लावलो होतो, मॅडम."

"मग हृदय चालत गेलं का तिकडे?"

ते फोटो घेऊन गेले. दुपारी तोच फोटो अक्षर बदलून परत आला. पाणी आता डावीकडे होतं. मी भीमसेनची छाती बोटांनी ठोकून, नळीने ऐकून बघायला हवी होती. बघितली नाही, याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भीमसेन टेबलावर ओणवा होऊन बसला होता. डावी पाठ पुसून झाली, पाणी काढायची सुई माझ्या हातात होती. तेवढ्यात रणोजीराव आत आले.

"मॅडम, स्वल्प निल्ली. थोडं थांबा."

त्यांनी भीमसेनच्या डाव्या छातीवर तळवा ठेवला. ठेवला तो ठेवलाच. चेहरा पांढराफटक पडला.

"इथं काहीच नाही," ते म्हणाले.

मीही हात ठेवला. अंग कोमट, बरगड्या वर-खाली होत होत्या. भीमसेन मान वळवून "एनायितु?" म्हणजे काय झालं, असं विचारत होता. आणि माझ्या हाताखाली ठोका नव्हता. जिवंत माणूस बोलतोय आणि आत कोणी नाही. मला हात काढावासा वाटला, पण निघेना. रणोजीरावांनीच तो उचलून उजवीकडे ठेवला. तिथे हृदय धाडधाड वाजत होतं.

काही माणसं जन्मतःच आतून आरशातल्यासारखी असतात, हे पुस्तकात वाचलं होतं. हाताला कधी लागलं नव्हतं. सुई डावीकडे गेली असती तर त्याच्या एकमेव धड फुप्फुसात घुसली असती.

उजवीकडून पिवळसर पाणी निघालं आणि भीमसेन पुरा श्वास घेऊ लागला. बाहेर येऊन मी रणोजीरावांची माफी मागितली.

"इतकी खात्री होती तर कालच भांडायचं होतं ना माझ्याशी!"

"खात्री कुठली, मॅडम?" ते म्हणाले. "तुम्ही म्हटलात ते मी खरं मानलो. हृदय डावीकडंच लागणार, मग चूक कबूल करून नोकरी सोडायची, म्हणून हात लावून बघायला आलो होतो."