ट्रॉलीमागे दगड कोणी लावले?

आधी घडलं ते क्रमाने.

१. काही वर्षांपूर्वी, ऊस हंगामात, दिवस मावळल्यावर कडा-आष्टी रस्त्यावर माझ्या वडिलांची, अण्णांची कार एका उभ्या ट्रॉलीवर मागून आदळली. ट्रॉली उसाने भरलेली, टायर फुटलेला. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही.

२. अण्णांच्या उजव्या पायात रॉड आहे.

३. पंचनामा दुसऱ्या दिवशी सकाळी झाला. त्यात ट्रॉलीमागे दगड आणि बाभळीची फांदी असल्याची नोंद आहे.

४. भरपाईच्या दाव्यात कोर्टाने त्यावरून धरलं, की इशारा होता आणि चालकाने तो पाहिला नाही. निम्मा दोष अण्णांचा.

अण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. सगळ्या नोकरीत एकही अपघात नाही. निकालानंतर घरी आले आणि गाडीची किल्ली माझ्या हातात दिली... "कोर्ट म्हणतंय म्हंजी आसंल. मलाच दिसले नसतील दगड."

तेव्हापासून ते माझ्या शेजारी बसतात आणि बाजूच्या काचेतून बाहेर बघतात. समोर रस्त्याकडे नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे. अपिलासाठी मी हेडलाइटचा पल्ला, रस्त्याचा उतार, ब्रेक लागायला लागणारं अंतर, सगळं काढून दिलं. वकिलांनी शांतपणे पाहिलं आणि विचारलं, दगड होते की नव्हते?

परवा आष्टीहून येताना आमच्यापुढे एक बाईकवाला घसरला. मी गाडी थांबवली, त्याला कडेला बसवलं. मग काही विचार न करता रस्त्याकडेचे दगड उचलून पडलेल्या बाईकच्या मागे ठेवले. एक फांदीही ओढून आणली.

मला कोणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडे सगळे हेच करतात... आधी माणूस उचलायचा, मग मागून येणाऱ्यांसाठी दगड लावायचे.

वळून पाहिलं तर अण्णा काठी टेकत खाली उतरले होते. दगडांकडे बघत होते. मग म्हणाले, "माझ्या टायमाला बी कुणी आसंच लावले आसतील का गं?"

इतके दिवस आम्ही दगड होते की नव्हते, यावरच अडलो होतो. ते कधी आले, हे कोणी विचारलंच नव्हतं.

दगड धडकेनंतर लावले असतील, हा अंदाज आहे, पुरावा नाही. अपिलात नवा साक्षीदार सहज घेत नाहीत, असं वकील म्हणाले. पण आधी माणूस तर सापडू द्या, हेही तेच म्हणाले.

म्हणून ही पोस्ट. त्या संध्याकाळी अण्णांना गाडीतून बाहेर काढणाऱ्यांपैकी कोणी ते दगड लावले असतील, तर तुमची काहीही चूक नाही. तुमच्यामुळे मागचे वाचले. फक्त दगड कधी लावले, तेवढं सांगा. ते धडकेच्या आधीपासून तिथे होते, असं कोणी पाहिलं असेल तर तेही सांगा. अण्णांना खरं काय ते कळायला हवं.

अपिलाची मुदत जवळ आली आहे. कृपया येत्या रविवारपर्यंत मला इथेच मेसेज करा.