उजेडात धरलेली चादर

सरकारी इस्पितळाच्या तळमजल्यावर, लाँड्री आणि बॉयलर यांच्यामध्ये, एका खिडकीची कापडखोली होती. तिथे बसून फाटकं सांधणाऱ्या बाईंना सगळे रफूमावशी म्हणत. नेमणुकीच्या कागदावर त्यांचं दुसरंच भारदस्त नाव होतं, पण त्या नावाने कुणी हाक मारली तर कुणाला बोलावतायत म्हणून त्याच आधी मागे वळून बघायच्या.

तेवीस वर्षं हेच काम. चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे झगे. भोकाच्या मापाचा तुकडा त्या जुन्याच चादरीतून कापायच्या, म्हणजे रंग मिळतो. मग त्याचे उभे-आडवे धागे मूळ कापडाशी जुळवून कडा इतक्या बारीक विणायच्या की वरून बोट फिरवलं तरी अडकू नये. हे सासूने शिकवलेलं. टाका दिसला की बाईचं नाक गेलं, असं ती म्हणायची. सासू गेली, नाकाची काळजी सुनेकडे ठेवून गेली.

दुपारच्या चहाला स्टोअरकीपर पेपर घेऊन यायचा. देश रसातळाला चाललाय, हे त्याचं रोजचं म्हणणं. रस्ते, शाळा, माणसांची नियत, फार काय, चहातल्या आल्याचा वाससुद्धा पूर्वीसारखा राहिला नव्हता. घरी मावशींचे यजमान नेमकं उलट सांगायचे. ते निवृत्त बसचालक. त्यांच्या काळी बस वळवताना खांदे भरून यायचे, आता एका बोटाने वळते, आणि तरी लोक रडतात, असं त्यांचं मत. मावशी दोघांनाही हो म्हणायच्या. मनातून मात्र त्यांना यजमानांचं पटायचं. बाकी जगाचं काय ते असो, आपलं इस्पितळ तरी काही घसरलेलं नाही. वर जाऊन बघावं तर पांढऱ्याशुभ्र चादरींच्या रांगा, एकीलाही भोक नाही.

एका सोमवारी मेट्रनबाई स्वतः खाली आल्या. एरवी त्या निरोप पाठवत. स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "मावशी, रागावू नका. पण आपल्याला नव्या चादरी मिळत नाहीत त्या तुमच्यामुळे."

मावशींची सुई हातातच राहिली.

नऊ वर्षं मेट्रनबाई पाचशे चादरींची मागणी पाठवत होत्या. नऊ वर्षं तपासणी समिती यायची, खाटांवरून नजर फिरवायची आणि लिहून जायची की कापड सुस्थितीत आहे, खरेदीची गरज नाही. आणि आता वरच्या वॉर्डात एका आजोबांची पाठ सोलली होती. ठिगळावर ठिगळ बसून चादरीत कड तयार झाली होती, तीच घासून. मावशींनी नकळत मांडीवरच्या चादरीवरून बोट फिरवलं. मेट्रनबाईंनी ते पाहिलं.

"बोटाला नाही लागत हो," त्या हळूच म्हणाल्या. "महिनाभर पडून असलेल्या पाठीला लागतं."

शुक्रवारी समिती येणार होती. तोवर मावशींनी कशालाही हात लावायचा नाही, फाटक्या चादरी फाटक्याच घालायच्या, एवढंच मेट्रनबाईंचं मागणं होतं.

एवढंच म्हणजे मावशींच्या जिवावर आलं. मंगळवारी त्यांनी फडताळं पुसली. बुधवारी स्टोअरकीपरच्या कोटाची सगळी बटणं धड असताना उसवून पुन्हा लावली. तो म्हणाला, मावशी, आता मलाही सुस्थितीत असल्याचा दाखला द्या. त्यांना हसू आलं नाही. गुरुवारी संध्याकाळी समोर फाटक्यांचा ढीग आणि खोलीत दुसरं कुणी नाही. चारचौघांनी येऊन ही लक्तरं बघायची? मावशींनी सात चादरी उचलल्या आणि सांधल्या. फक्त सात, अगदी तोंड लपवावं अशा.

शुक्रवारी सकाळी वॉर्डातल्या आयाने नेहमीच्या सवयीने चांगल्या दिसणाऱ्या सात चादरी दारालगतच्या खाटांवर घातल्या. समिती आली तेव्हा मावशीही मेट्रनबाईंमागे वॉर्डात उभ्या होत्या. समितीचे मुख्य साहेब साहजिकच पहिल्याच खाटेपाशी थांबले. खाट रिकामी होती. त्यांनी चादरीवरून तळवा फिरवला.

"वा. अशी निगा मी दुसरीकडे पाहिली नाही," ते म्हणाले आणि लिहायला लागले.

तेवीस वर्षांत हे वाक्य मावशींना कुणी ऐकवलं नव्हतं. ते ऐकून आधी त्यांना बरं वाटलं. मग मेट्रनबाईंकडे लक्ष गेलं. त्यांनी हातातली फाईल मिटली.

मावशी पुढे झाल्या. एका हिसक्यात त्यांनी चादर ओढून काढली आणि दोन्ही हातांनी खिडकीत उजेडासमोर धरली. चादर एकदम बोलायला लागली. लहान, मोठी, चौकोनी, तिरपी ठिगळं, ठिगळांच्या पोटात ठिगळं.

"मोजा साहेब."

साहेब चौदापर्यंत आले आणि थांबले.

"यात मूळ चादर कुठली ते आता मलाच सांगता यायचं नाही," मावशी म्हणाल्या. "सगळं झिजत आलंय. आणि दिसत नव्हतं ते मी दिसू दिलं नाही म्हणून."

साहेबांनी लिहिलेली ओळ खोडली. मग ते बाकीच्या खाटांकडे वळले, या वेळी प्रत्येक चादर उचलून बघत.

चार महिन्यांनी गठ्ठे आले. पाचशे नाही, तीनशे. मावशींनी सुतळी कापली, एक चादर अंगठ्या-बोटात चोळून पाहिली. जुन्यापेक्षा पातळ होती.

"बघा, सांगत नव्हतो?" स्टोअरकीपर म्हणाला. "घसरण. की आता तुमच्या मते सुधारणा?"

"दहा धुण्यांनंतर विचारा भाऊ," मावशी म्हणाल्या. सगळ्यात आधी त्यांनी वरच्या, फार दिवस पडून असलेल्यांच्या वॉर्डासाठी नव्या चादरी मोजून वेगळ्या काढल्या. उरलेल्या जुन्या चादरी पुढ्यात घेतल्या आणि त्याच्याकडे निळ्या दोऱ्याची रिळं मागितली.

"पांढरा संपला?"

"आहे की. पण पुढच्या वर्षी साहेबांना चादर खिडकीशी न्यावी लागायला नको."

त्याने निळी रिळं आणून दिली. मावशींनी सुई ओवली आणि पहिला टाका घातला. ठसठशीत, लांबूनही दिसेल असा. जरा वेळ तो त्यांना बघवेना. मग दुसरा घातला.