पाकिटावर लिवलेला ओढा

हे मी कुणापुढं बोललेलो न्हाय. बायकोपुढं बी न्हाय — आणि तिच्यापासनं लपलेलं दुसरं काय हाय माझं? चौथी शिकलेला माणूस मी, पण खोटा म्हणून कुणी बोट दाखवलेलं न्हाय. म्हणून तर जड जातंय. पण सांगतो.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी कामाला; तिथल्या मॅडम पाण्याकाठी उडणाऱ्या चतुर किड्यांचा आणि टाचण्यांचा संग्रह करत हुत्या. टाचणी म्हणजे चतुराचीच काडीसारखी बारीक जात. जाळं मी मारायचो. किडा कागदाच्या तिकोनी पाकिटात घालायचा, वर पेन्सिलीनं जागा आणि तारीख लिवायची. मॅडम म्हणायच्या, जागा चुकली की किडा नुसता कचरा. माझ्या पाकिटावर त्यांचा डोळं झाकून इश्वास. त्याचा केवढा ताठा मला!

एकदा राधानगरीच्या वरच्या ओढ्यावर धाडलं. गुडघं चढंनात. अर्ध्यातनं फिरलो — पण रिकाम्या हातानं? मी? येताना बिद्रीजवळ रस्त्याकडंच्या तळ्यावर जाळं मारलं. शेपटीच्या टोकाला निळा ठिपका असलेली टाचणी घावली. पाकिटावर लिवलं — राधानगरी, वरचा ओढा.

तसली टाचणी मॅडमनी जिल्ह्यात कुठंच बघितली नव्हती. त्यांनी ती शास्त्राच्या मासिकात छापून आणली, ओढ्याच्या नावासकट.

मग त्यांच्या हाताखाली सुजाता शिकायला आली, हातकणंगल्याची. तीच टाचणी हुडकत दोन वर्षं जळवा अंगाला लावून घेत त्या ओढ्यावर फिरली. एक टाचणी घावली न्हाय. एक दिवस सगळ्यांसमोर हळूच म्हणाली, "मामा, जागा लिवताना गडबड झाली न्हाय न्हवं?"

गप बसता आलं नसतं का? पण मी वरडलो, "डोळं हायती का बटनं? म्हाताऱ्याला घावली की!"

सगळी हसली. मॅडम म्हणाल्या, तू नीट शोधलंच न्हाईस. पोरगी मान खाली घालून पाकिटं आवरत राहिली. त्या साली तिनं शिक्षण सोडलं.

मी काय केलं? दुसऱ्या दिवशी जाळं घेऊन कामावर गेलो.

गुडघ्याचं कारण देणार न्हाय. गुडघं दुखत हुतं; पेन्सिल धरलेला हात धड हुता.

आज मॅडमच्या टेबलावर खरी जागा लिवून ठेवून आलो. आता हातकणंगल्याला निघालोय. सुजाताच्या माणसांसमोर, तिच्या दारात, मोठ्यानं सांगणार — खोटं मी लिवलं, तू बरोबर हुतीस. मग तिनं दार उघडू दे, न्हाईतर तोंडावर लावू दे.